कापलेली पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल

आमच्या कंपनीच्या नव्या अँटिबॉडीचं, म्हणजे ठरावीक प्रथिन शोधून पकडणाऱ्या रेणूचं, माहितीपत्रक आज वेळेत लिहून दिलं. ‘फक्त हेच मानवी प्रथिन ओळखते.’ चाचणीच्या फोटोत एकच काळी पट्टी, म्हणजे प्रथिन पकडल्याची खूण. मग प्रयोगशाळेतल्या नाझनीनने न कापलेला फोटो दाखवला. ज्या पेशींमधून ते प्रथिन काढून टाकलंय, त्यांतही तीच पट्टी! म्हणजे अँटिबॉडी भलतंच काहीतरी पकडते.

“मॅडम, लग्नाच्या फोटोतून नको तो मामा कापतातच की!”

फोटो तिने कापला, पण वाक्य माझं. मी आधीच का नाही विचारलं? त्यावर विसंबून कुणीतरी वर्षभर संशोधन करेल. ती पट्टी डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी साहेबांना फोन केला.

“पत्रक छापू नका.”

“अहो, सकाळी छपाई आहे!”

“माहीत आहे. माझं काम कधी उशिरा आलं नाही. हे येईल.”