जर्सीला पदर नसतो

मोहने,
जत्रेचा आदला आठवडा

व्याही भिवाशेठ यांना धाकू पाटलाचा मनापासून रामराम.

तुमचं ब्लडप्रेशर आता कसं आहे? लोणचं सोडलंत असं जागृती म्हणाली. (बरणी मात्र तुमच्याच खोलीत आहे, असंही म्हणाली.) विहीणबाई मंजुळाताईंचा गुडघा कसा आहे? जागृतीच्या आईनं, गोदेनं दिलेलं तेल त्या लावतात की नुसतं देव्हाऱ्यापाशी ठेवून दिलंय? जावई विनीतरावांची ॲसिडिटी उतरली का? स्टेशनबाहेरचा वडापाव सोडायला सांगा, माझं नाव सांगू नका. आणि शेवटी, आमच्या जागृतीचा उजवा पाय कसा आहे? चालताना ठीक आहे हे तिनं सांगितलंय. मी विचारतोय ते धावताना, झटकन वळताना आणि लांबून गोलवर मारताना.

फोनवर हा विषय निघाला की तुमच्याकडे आवाज येईनासा होतो, म्हणून पत्र लिहायला घेतलं. कागदाची रेंज जात नाही.

तुमचा निरोप विनीतरावांनी पोचवला. ‘यंदा जागृतीला जत्रेच्या सामन्याला सोडणार नाही. गेल्या वर्षी धडधाकट स्ट्रायकर दिली होती, तुम्ही लंगडी परत केलीत.’ भिवाशेठ, क्लब तुमचा, सूनही तुमची, तेव्हा तुमचा हक्क दुहेरी, हे मला मान्य. मुलगी बघायला आलात तेव्हा स्वयंपाक येतो का हे न विचारता डाव्या पायानं मारता येतं का हे विचारलंत, तेव्हाच मी गोदेला म्हटलं होतं, माणसं चांगली आहेत. पण जागृती खेळते तुमच्या क्लबसाठी, जन्मली मात्र मोहन्यात. जत्रेच्या सामन्याचा नियमच आहे तसा. मोहने विरुद्ध शहाड, आणि उतरायचं फक्त गावच्या लेकींनी, मग त्या कुठंही दिलेल्या असोत. सुनांनी आपापल्या माहेरी जाऊन खेळायचं. (आमची सून आसावरी शहाडची. गेल्या वर्षी आमच्यावर गोल तिनंच केला आणि संध्याकाळी आमच्याच चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या. मी नेहमीएवढ्याच खाल्ल्या, पण पाठ फिरवून.)

हल्ली मी पेपरात पहिलं मागचं पान वाचतो. परदेशातल्या मोठमोठ्या क्लबांचंही तुमच्यासारखंच रडगाणं आहे. पगार आम्ही द्यायचा, मालिश आम्ही करायची, आणि देशानं बोलावलं की पोरगा हसत जाणार नि पाय धरून परत येणार. पण तिथं म्हणे वरची संघटना क्लबाला नुकसानभरपाई देते. मोहन्याला वरची संघटना नाही. आमच्याकडे गोदा आहे.

आता गोदेवर आलोच आहे तर त्या दिवसाचं सरळ सांगतो, कारण तुमच्या कानावर भलतंच गेलेलं दिसतंय. जागृतीला शहाडच्या पोरींनी पाडलं नाही. सामना शिट्टी होईपर्यंत नीट झाला. तुमचीच गोलकीपर संचिता त्या दिवशी माहेरच्या शहाडकडून उभी होती, तिनं आमच्या जागृतीचे सगळे फटके अडवले, आम्ही हरलो, ढाल शहाडला गेली, तोवर पोरीच्या अंगावर ओरखडा नव्हता. तेवढ्यात गोदा ताट घेऊन थेट मैदानात शिरली. जागृतीला तिथूनच डोंबिवलीला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी तुमची फायनल. मी म्हटलं, अगं, घरी दोन मिनिटं नेऊन भर. तर मलाच म्हणाली, “लेकीला रिकाम्या ओटीनं धाडू काय? मना नाय जमायचं!” सगळ्या मैदानासमोर हळदकुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला आणि वर नारळ. आता साडीच्या पदरात नारळ बसतो हो. जर्सीला पदर नसतो. पोरीनं जर्सीचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं, ते कापड घामानं भिजलेलं, नि ताणलं जाणारं. नारळ घरंगळला तो नेमका उजव्या पायाच्या बोटांवर. बूट तिनं नुकतेच काढले होते. (नारळ फुटला नाही. तो पुढं आम्ही देवीला वाढवला, पाणी गोड निघालं.)

तेव्हा ही दुखापत गावाची की घराची, हा प्रश्न जरा नाजूक आहे. गावचे लोक म्हणतात, सामना संपला होता, आमचा संबंध नाही. तुम्ही म्हणता, संचिताला शहाडवाल्यांनी जशी नेली तशी आणून पोचवली, ते शिका. हे मला लागलं. पण भरपाईत आम्ही कुठं कमी पडलो ते सांगा. प्लास्टर निघेपर्यंत गोदा दर बाजाराला मोठा डबा घेऊन डोंबिवलीचे जिने चढत होती. हाडं सांधायला बकऱ्याच्या पायांचा रस्सा, तोंडाला चव म्हणून सुकटीची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या. जागृती सांगते, रश्शाची पहिली वाटी ‘मीठ बघतो’ म्हणून तुम्ही घेत होतात, दुसरीही मिठासाठीच. फायनल हरल्याचं दुःख माणसाला भूक लावतं, मी समजू शकतो.

म्हणून हात जोडून सांगतो, लेकीला सोडा. खेळाडू क्लबाचा असला तरी माती बोलावते तेव्हा क्लबानं आडवं येऊ नये. हे तत्त्व आहे, आणि तुमच्यासारख्या खेळ कळणाऱ्या माणसाला ते मी काय सांगणार? पोर स्वतः तुमच्यापुढं बोलणार नाही. पण परवा फोनवर आईला हळूच विचारत होती, मोहन्याची सात नंबरची जर्सी कुणाला दिली का म्हणून. दिलेली नाही. गोदेनं धुऊन, घडी घालून ठेवलीये.

मंजुळाताईंना नमस्कार, विनीतरावांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकू पाटील

ता. क. गोदा सांगते, यंदा ओटीत नारळाऐवजी सुपारी घालणार, आणि तीही बूट पायात असताना.

ता. क. आणखी एक बारीकशी गोष्ट. तुमच्या संचिताला मात्र त्या दिवशी शहाडला सोडू नका. एवढी गुणी गोलकीपर, जत्रेच्या खडबडीत मैदानावर काही झालं तर क्लबाचं किती नुकसान! तुमची काळजी वाटते म्हणून सांगतो. डोंबिवलीत सराव ठेवा, मीटिंग ठेवा, काहीही ठेवा. वर लिहिलेलं तत्त्व मोहन्यापुरतं आहे. रश्शाचं भांडं मी स्वतः घेऊन येतो, मीठ तुम्हीच बघा. हे पत्रही मी स्वतःच पोस्टात टाकतोय, आसावरीकडे देत नाही. उत्तर मात्र लगेच धाडा, कारण तिचे वडील शहाडच्या वतीनं रविवारी तुमच्याकडे यायला निघणार आहेत, आणि त्यांच्या हातात आमच्याच घरातला मोठा डबा असेल.