यागोचं फळ पुरू नका

प्रिय आई,

नैरोबीहून तुला वाकून नमस्कार. मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. मासा तेवढा घशाखाली उतरत नाही. वहिनी काही खाते का?

काकांचा फोन आला होता. ओलुओचदादाचा देह सरोवरात सापडत नाही, म्हणून रविवारी त्याच्या जागी यागोचं फळ पुरणार म्हणाले. थांबा जरा. फोनवर मला हे सांगवत नाही, म्हणून बसवाल्याच्या हाती चिठ्ठी देते आहे.

तो बुडाला त्या वादळात सगळ्या नावा रेडिओच्या एकाच चॅनलवर ओरडत होत्या. किनाऱ्यावरच्या आमच्या अँटेनांच्या रांगांनी तो कालवा टिपलाय. कोण बोलतंय हे ठाऊक नसतानाही आमचं यंत्र आवाज वेगळे करतं, प्रत्येक आवाज कुठून आला तेही काढतं. फक्त कुठला आवाज कोणाचा, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून माझ्यासोबत काम करणाऱ्या मुतिसोने मला ऐकायला बसवलं. तिसरा आवाज खेकसला, "अरे गाढवांनो, एकेक करून बोला की! बाजार भरलाय का?"

मला हसूच फुटलं. मुतिसो म्हणाला, "हाच ना?" मी मान हलवून हो म्हटलं.

दादा रेंबा बेटाच्या मागून बोलत होता. शोध मात्र सगळा बेटाच्या अलीकडच्या बाजूलाच झाला. शनिवारी पोलिसांची नाव तिकडे जाणार आहे, मीही जाते आहे. सरोवरावर वारा कसा आहे?

काकांना समजाव. वहिनीला आशा लावू नकोस, मी त्याला जिवंत आणायला जात नाहीये. तिथेही तो मिळाला नाही, तर ते फळ कापडात मीच गुंडाळीन.

तुझी,
अडोयो