फितीतली मोकळी जागा

वसमत,
२२ एप्रिल १९७६

चि. शेषराव यास,

अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल. जयंती थाटात झाली. यंदा हळद शिजवायचं काम लांबलं, हात अजून पिवळेच आहेत.

तुझं पत्र जयंतीआधीच मिळालं. उत्तराला मुद्दाम उशीर केला. महिनाअखेरीस येऊन तुझा टेपरेकॉर्डर औरंगाबादला नेणार, त्याआधी आईची गाणी पुसून ठेव म्हणतोस. भीमरायाचं गाणं शेजाऱ्यांच्या कानी पडलं तर 'वसमतकर' या नव्या आडनावाखालचं जुनं उघडं पडेल, ही धास्ती. बदल्यात मला कॅसेटवाला टेप देणार! तो तुलाच लखलाभ. त्यात फीत डबीत कोंडलेली. इथे दोन चकत्या डोळ्यांदेखत फिरतात, एक रिती होते, दुसरी भरते. आई किती गायली, किती राहिली, ते दिसतं. फीत तुटली तर मी ब्लेडने कापून नीट चिकटवते.

माइक तूच धरला होतास. आई एक ओळ म्हणून गप्प बसायची. पुढची म्हण म्हणालास, तर म्हणाली, "ती माझी न्हाई रे. ती बायांनी म्हनायची, म्या काहून म्हनू?" तेवढी जागा फितीत मोकळीच राहिली.

एक सांगायचं टाळत होते. तुझं पत्र वाचून मी खरंच पुसायला बसले. तू शिकलेला, साहेब; तुझं ऐकायची सवय. लाल बटन दाबलं. एक अख्खं कडवं गेलं, तेव्हा हात थांबला. आईला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी तिला माझ्या हाताने गप्प केलं. तेव्हापासून अन्न गोड लागेना.

जयंतीला टेप विहारात नेला, भोंग्याला जोडला. आई थांबली की सगळ्या बाया पुढची ओळ धरून झील ओढायच्या. मग ते पुसलेलं कडवं आलं. चकत्या फिरताहेत, आवाज नाही. माझी मान खाली. तशी म्हातारी पद्मामावशी उठली. "व्हय, हे कडवं मला येतंय," म्हणाली आणि आईच्या जागी गायली. बायांनी बराबर धरलं.

आता मी काही पुसणार नाही. ये तू. टेप न्यायचा तर आईसकट ने. पुसायचाच असेल तर सगळ्या बायांसमोर बटन तू दाब. बघू हात उठतो का.

या पाकिटावर 'वसमतकर' लिहिलेलं नाही, बापाचं 'खंदारे' लिहिलं आहे. पोस्टमन दारोदार विचारत फिरला तर फिरू दे.

तुझी थोरली बहीण,
पंचफुला जळबा खंदारे