केळीच्या खोक्यावरची क्रमवारी

रविवार, दिवेलागण

बालाजीनं घात केला. दर हंगामाआधी आम्ही दोघं अर्धापुरात त्याच्या केळीच्या शेडमध्ये बसून रिकाम्या खोक्यावर फुटबॉल संघांची क्रमवारी लावायचो. नियम माझा: संघात नवा खेळाडू कोण आला ते बघू नको, जुना कोण गेला ते बघ.

आज त्यानं एकट्यानंच क्रमवारी यूट्यूबवर टाकली. वर म्हणतो, "ही माझी पद्धत हाय." त्याची? फोन केला तर हसला. "लई मनावर घेऊ नको गड्या, लोकायला एकच चेहरा लागतो."

मी फोन ठेवून दिला. गेल्या वर्षीचं खोकं अजून माझ्या घरी आहे. अक्षर त्याचं, नियम माझा.

त्याला लई नवे प्रेक्षक आले म्हणे. येऊ देत. जुना कोण गेला, ते त्यानं बघितलंच न्हाई.