इंजिन नवं, आवाज तोच

बाबा, तुमच्या गाडीचा सायलेन्सर आज काढला. बोल्ट गंजून बसले होते, त्यांवर तेल सोडून वाट पाहावी लागली. त्या जागी बाजारात मिळतो तसा साधा, दबक्या आवाजाचा सायलेन्सर लावला आणि बोरी अरबपर्यंत जाऊन आलो. तुमच्या साझ्यातल्या दोन गावांतून मुद्दाम गेलो. ओट्यावर बसलेल्या कोणी मान वर केली नाही, कोणाच्या दारातलं बोलणं थांबलं नाही. तुम्हाला एवढंच हवं होतं. हे काम तुम्ही असताना व्हायला पाहिजे होतं, म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये आलात तो दिवस मला नीट आठवतो. कापसाची ती वाईट वर्षं चालू होती आणि तुम्ही बोरीकडच्या चार गावांच्या साझ्याचे तलाठी होता. गावात सगळे पटवारीच म्हणायचे. दुपार आहे. तुम्ही स्टुलावर बसता, माठातलं पाणी पिता, रुमालानं मान पुसता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "गाडी चढावर दम खाते. इंजिन बदलून दे हिचं."

लष्कराच्या लिलावातली तुमची ती साडेतीनशे सीसीची जड मोटरसायकल. तिचं बिडाचं, ओतीव लोखंडाचं इंजिन मागच्याच वर्षी मी स्वतः बांधलं होतं. ती दम खात नव्हती, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "कायले बदलता बाबा? अजून दहा वर्षं काही होत नाही त्याले."

"तुले सांगतलं तेवढं कर. बाकीच्या गाड्यायसारखी झाली पाहिजे."

तुम्ही मला असं क्वचित बोलायचा. मला राग आला नाही, वाईट वाटलं. माझ्याकडच्या फिटरनं तुम्ही गेल्यावर विचारलं, "काय भाऊ, साहेबायले रेसमध्ये उतरवता काय आता?" मी हसलो आणि कामाला लागलो. पण 'बाकीच्या गाड्यांसारखी' या शब्दांवर मी थांबून विचार केला नाही. मी त्याचा अर्थ ताकद असा घेतला, सेल्फ स्टार्ट असा घेतला. गुडघे दुखत असतील, किक मारवत नसेल, हेही मनात आलं.

अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं पाचशेचं इंजिन मला मिळालं. तुम्ही पहिले आरटीओच्या परवानगीचा अर्ज लिहून घेतलात आणि इंजिन नंबर दोनदा तपासलात. कागद हातात आल्याशिवाय चासीला करवत लावू दिली नाही. नवं इंजिन जुन्या चासीत सरळ बसत नाही. मागचा आधार कापावा लागला, नव्या पट्ट्या करून घ्याव्या लागल्या. पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत यावं म्हणून मी दोन्हींवर दोरा ताणून पाहत होतो. दोन सूत फरक निघाला की पट्टी पुन्हा घासायची. तिसऱ्या वेळी दोरा जुळला तेव्हा मी एकटाच बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो होतो. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. आजही तसंच मानतो.

आणि मग मी ते केलं. मला वाटलं, ताकद नवी हवी म्हणतात खरे, पण या माणसाला गाडीचा आवाज गेलेला सहन होणार नाही. वीस वर्षं तो आवाज ऐकून आई गॅसवर चहा ठेवायची. म्हणून मी जुना सायलेन्सर फेकला नाही. तो कापला, आतली जाळी बदलली, नव्या पाइपाला वेल्ड केला. पहिल्यांदा आवाज फुटका आला. पुन्हा खोलला. आठ दिवस त्यातच गेले. शेवटी तो थांबून थांबून पडणारा ठोका हुबेहूब आला, इतका की फिटरलाही फरक ओळखू येईना.

तुम्ही गाडी न्यायला आलात तेव्हा मी तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं. पस्तिशीला आलेला माणूस बापाला असं सांगतो म्हणून फिटर हसत होता. तुम्ही मिटले. मी गाडी चालू केली. मी डोळे उघडा म्हटल्यावरही तुम्ही थोडा वेळ उघडले नाहीत. मग म्हणालात, "तेच इंजिन ठेवलं काय?"

"नाही. नवं आहे, पाचशेचं."

"मंग आवाज?"

"तो मी तसाच ठेवला. तुमच्यासाठी."

तुम्ही टाकीवर हात ठेवलात. "लय मेहनत घेतली तू," म्हणालात. बस, तेवढंच.

नव्या इंजिनाचा गिअर जुन्याच्या उलट डाव्या पायाखाली आला होता आणि ब्रेक उजव्या. वसाहतीच्या रस्त्यावर तुम्ही सराव केलात, गिअर समजून दोनदा ब्रेक दाबलात. "नोकरीत इतक्या बदल्या झाल्या," तुम्ही म्हणालात, "पण तू तं माह्या पायाचीच बदली करून टाकली." आम्ही सगळे हसलो. तुम्हीही हसलात, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे.

गाडी कशासाठी बदलायची होती ते मला तुमच्या हाताखालच्या कोतवालकाकांनी सांगितलं. ते डवऱ्याची पास, म्हणजे कोळप्याचं पातं, वेल्ड करायला घेऊन आले होते. कोणी जीव दिला की चौकशीचे कागद करायला पटवाऱ्याला त्या घरी जावं लागे, आणि त्या वर्षांत तुम्हाला ते फार वेळा करावं लागलं. आधी तुमच्या गाडीचा आवाज आला की लोक सातबारा शोधायचे. पुढे आवाज आला की कोणाच्या घरी, एवढंच विचारायचे.

"एक दिवस साहेब आपले पाण्याच्या टाकीच्या जागेचं विचाराले गेलते," काका म्हणाले. "गाडी एका दारापुढं थांबली. घरातली बाई कणिक तशीच टाकून अनवाणी वावराकडं पळाली. साहेब तिच्या मांगं, मी साहेबायच्या मांगं. नवरा तं कापूस वेचून राह्यलता खुशाल. तो म्हणे, काय झालं? बाई तिथंच खाली बसली अन् उठेच ना."

नवऱ्यानं तुम्हाला पाणी दिलं, असं काका म्हणाले. आणि अगदी नरमाईनं म्हणाला, साहेब, तुमचं काही चुकलं नाही, पण ही गाडी गल्लीत आणत नका जाऊ. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्याकडे आला होता. मी गाडी परत दिल्यावर तुम्ही ती गावाबाहेर पुलापाशी लावायला लागलात. तिथून बॅग घेऊन पायी, उन्हातानात, एकेका गावात. काकांनी विचारलं तर तुम्ही म्हणायचा, पोरानं मनापासून केलं आहे, त्याले कसं सांगू.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. गाडीच्या कागदांच्या फाइलीत ठेवून देईन.

एक गोष्ट राहिली. काकांनी हे मला तुमच्या तेरवीला सांगितलं, असं मी घरी सगळ्यांना सांगतो. तसं नाही, बाबा. त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्हाला रिटायर व्हायला सव्वा वर्ष होतं. तेव्हा बोल्ट गंजले नव्हते, नवा सायलेन्सर माझ्याच भिंतीवर टांगलेला होता, काम अर्ध्या तासाचं होतं. पण बदलला असता तर तुम्ही विचारलं असतं काहून बदलला, आणि मग आपल्याला दोघांना ते बोलावं लागलं असतं. पुढच्याच आठवड्यात तुम्ही साझ्यावरून परतताना वर्कशॉपला आलात. गाडी स्वच्छ होती आणि पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेली. तुम्ही पाय झटकायला फडकं मागितलंत. मी फडकं दिलं आणि चहा सांगितला.