साउंडबारचं तोंड कोणाकडे

४ डिसेंबर

आला एकदाचा साउंडबार! माझ्या लेकाने, आदर्शने पुण्याहून पाठवला. टीव्हीखाली ठेवायची काळी लांब पट्टी. खोकं मात्र एवढं दणकट की त्यात वांगी भरून रिसोडच्या बाजाराला नेता येतील — ते मी लगेच ताब्यात घेतलं.

रुचिकाने पुस्तिका वाचून बसवला. ऐकणाऱ्यांच्या कानाकडे त्याचं तोंड हवं, असं त्यात लिहिलंय म्हणे. मग बाईसाहेबांनी तोंड केलं सोफ्याकडे! कॉलेजात जाते, पण आपल्या घरात सोफ्यावर कोण बसतं हे पोरीला माहीत नाही. सोफ्यावर बसतात मेथी आणि सांभार — आदर्शच्या पुण्यात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. आम्ही चौघं खाली फरशीवर, जुड्या बांधत. संध्याकाळची मालिका आणि उद्याच्या बाजाराच्या जुड्या आमच्याकडे एकत्रच उरकतात. आजचे सगळे संवाद सांभाराने ऐकले.

५ डिसेंबर

मामाजी उठले, कुदळीच्या दांड्याची एक जुनी पाचर शोधून आणली आणि साउंडबारच्या मागच्या बाजूला खाली सरकवली. पट्टी पुढे झुकली, आवाज थेट फरशीवर! रुचिका कुरकुरली, पुस्तिकेत असं काही नाही म्हणून. मामाजी म्हणाले, "पुस्तिकावाल्याच्या घरी मेथी नसंन."

सासरा असावा तर असा. आजच्यापुरतं म्हणते.

९ डिसेंबर

कोणीतरी साउंडबार फिरवलाय. पाचर आहे तिथेच, पण तोंड तिरपं, स्वयंपाकघराच्या दाराकडे. दाराशी मी बसते खरी, पण ती गॅसवर लक्ष ठेवायला. मी काय मालिका बघायला मोकळी असते? उचलून सरळ केला.

बाकी हल्लीच्या मालिकांत सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. एवढे दागिने घालतात, जरा तोंड उघडायला काय होतं!

१० डिसेंबर

पुन्हा फिरला. पुन्हा दाराकडेच!

१२ डिसेंबर

आता मीही इरेला पेटले. काल झोपण्याआधी साउंडबारच्या कडेने ओल्या हळदीची रेघ ओढून ठेवली. सकाळी पाहते तर रेघ एकीकडे, पट्टी दुसरीकडे.

ह्यांना विचारण्यात अर्थ नव्हता — घरात साउंडबार आलाय हेच अजून ह्यांच्या डोक्यात शिरलेलं नाही. रुचिका सकाळी फोनमधून मान वर काढत नाही. उरले मामाजी. त्यांच्या बोटाला हळद! म्हणाले, भाजीची असेल. तोवर घरात नुसता चहा झाला होता.

मी सरळ करायचा, त्यांनी तिरपा करायचा — असंच चालणार असं दिसतंय.

१७ डिसेंबर

कोडं सुटलं! आणि सुटलं तेव्हा वाईट वाटलं.

मामाजींना ऐकू येत नाहीये. माझ्या लक्षात आधीच यायला हवं होतं. मी येऊन बसले की रिमोट त्यांच्या हातात, आणि आवाज वाढलाच म्हणून समजा. माझ्याशी बोलतात तेही ओरडून. ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं तो असाच बोलतो, माझ्या माहेरच्या आजोबांचं असंच होतं. आणि साउंडबारचं म्हणाल, तर रुचिकाच सांगत होती की आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मामाजी खिडकीखाली बसतात, दाराच्या बरोब्बर समोर. म्हणजे आवाज दाराकडच्या भिंतीवर आपटवायचा आणि परत आला की आपल्या कानात घ्यायचा. डोकं चालतं म्हाताऱ्याचं! पण "मले आयकू येत नाही" एवढं म्हणणं जिवावर येतं.

आज साउंडबार सरळ केला नाही. राहू दे तिरपा.

१८ डिसेंबर

नवा कुकर परत करायला हवा. शिट्टीत दमच नाही. डाळ करपली.

२७ डिसेंबर

रिसोडचा बाजार. मेथी बरी गेली. पण जीव अजून धडधडतोय, म्हणून लिहून काढते.

मामाजी आधी सायकलने वेगळे जायचे. हल्ली माझ्या स्कूटीवर मागे बसूनच येतात, नको म्हटलं तरी. आणि सारखी माझ्या उजव्या खांद्यावर थाप! थाप पडली की समजायचं, मागून गाडी येतेय. अहो, स्कूटी मी चालवते की तुम्ही? रोजचा वैताग. आज मात्र त्यांनी दोन्ही हातांनी मेथीचं गाठोडं धरलं होतं, त्यामुळे मी खुशीत होते.

केनवड सोडलं, पुढच्या वळणावर एक टेम्पो अगदी चाटून गेला. हॉर्न नाही, काही नाही! मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. मागे वळून पाहिलं तर मामाजी पांढरेफटक. मला म्हणाले, हॉर्न वाजवत होता तो. मी म्हटलं, काहीतरीच काय! भीतीने भास झाला असेल बिचाऱ्यांना.

मग दिवसभर एकच मनात. उद्या मामाजी पुन्हा एकटे सायकलवर निघाले, आणि मागून आलेला टेम्पो त्यांना ऐकूच आला नाही, तर? नाही, आता लाजायचं कारण नाही. वाशिमला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचंच.

५ जानेवारी

आज जुड्या बांधता बांधता विषय काढला. इतक्या गोडीने, की ह्यांनीसुद्धा टीव्हीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, मामाजी, वय झालं की डोळे तपासतो तसे कानही तपासावेत, त्यात काय एवढं.

वाटलं होतं, चिडतील. चिडले नाहीत. हातातली जुडी पूर्ण बांधली, खाली ठेवली, आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाले, "येतो ना. पन माह्या मांगं तुले बी दाखवा लागन."

हसूच आलं मला. लेकराला औषध पाजताना आई आधी स्वतः चाटून दाखवते, तसं झालं हे. म्हटलं, माझेही कान दाखवीन. रुचिका एकदम मान खाली घालून सांभार निवडायला लागली. सांगितल्याशिवाय कधी न निवडणारी!

९ जानेवारी

मामाजींचे कान ठणठणीत. माझा उजवा जवळपास गेलेला, डावाही उतरतोय. यंत्र लागेल म्हणाले डॉक्टर.

एस.टी.त मामाजी माझ्या डाव्या बाजूला बसले. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? "दसऱ्यापासून." मग सांगितलं का नाही? कानाशी येऊन म्हणाले, "तू रडली असती पोरी. तुह्याकडं साउंडबार फिरवनं सोपं होतं."

रडले तर मी एस.टी.तच, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी रुचिका साउंडबार सरळ करायला निघाली. म्हटलं, हात लावू नकोस.