भीमा गजभारे यांची सही

३ जून, मुदखेड
अमेरिकेतलं पहिलं वर्ष संपवून घरी. लायब्ररीतल्या नोकरीचा टॅक्स रिटर्न एप्रिलमध्ये मी स्वतः भरला. युनिव्हर्सिटीने परदेशी मुलांसाठी त्याचा क्लास ठेवला होता. गेलो नाही. तहसीलमधून जातीचा दाखला काढून आणलेल्या माणसाला अमेरिका काय शिकवणार? खोली सोडणार होतो म्हणून पत्ता घरचा दिला.
संकल्प: गावात टॅक्स कन्सल्टन्सी काढणे. बोर्ड निळा.
बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी ठीक आहे.

११ जून, दुपार
पोस्टमन नवीन आहे. दारातून ओरडला, भीमा गजभारे! आईने आतूनच उत्तर दिलं, ड्युटीवर गेलेत.
बाबा रेल्वेत गँगमन होते. ते असताना ती असंच सांगायची. मग बाहेर आली, पाकीट घेतलं आणि तशीच उंबऱ्यात बसून राहिली. पाकीट अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं. वर माझं नाव, खाली बाबांचं.

१२ जून
खात्याचं म्हणणं, रिटर्न जॉइंट आहे, सही एकट्याचीच आहे. भीमा गजभारे यांचीही सही हवी.
चूक फॉर्मची आहे. आपल्याकडे शाळेपासून स्कॉलरशिपपर्यंत कुठलाही फॉर्म घ्या, पहिल्या ओळीत आपलं नाव, दुसरीत बापाचं. हात आपोआप गेला.
धाकटी विशाखा नांदेडला बी.कॉम. करते. रिटर्नची कॉपी बघून म्हणाली, दादा, ही ओळ नवरा-बायकोची हाय, तू बाबासंग लगीन लावून राहिलास. खूप हसली. शिवाय म्हणे परदेशी विद्यार्थ्यांचा फॉर्मच वेगळा असतो, युनिव्हर्सिटीला विचार. बी.कॉम. सेकंड इयरचा सल्ला मी घेत नसतो.

१७ जून
गल्लीभर झालं. दूधवाला विचारतो, भीमाभाऊला अमेरिकेतून काय आलं?
ऑगस्टमध्ये परत जाताना विमानतळावर अडवतील का? अडवणार नाहीत. अडवलं तर इंग्रजीत बोलेन.
मोरीतून बाबांचा खोकला ऐकू आला. जाऊन पाहिलं. शेजारचे भगवानराव भिंतीपलीकडे चूळ भरत होते. आपण बौद्ध. आत्माच मानत नाही, मग भूत कुठून येणार? तरी दिवसभर मोरीकडे गेलो नाही.

२४ जून
साधा उपाय सुचला. बाबांची सही आपणच करायची. ते 'भी'ची वेलांटी पार ओळीबाहेर नेत. रफ कागदावर करून पाहिली. पहिल्याच झटक्यात हुबेहूब आली. कागद फाडला.
संध्याकाळी झाडताना तुकडा आईला सापडला. म्हणाली, ही कधी केली रे त्यांनी? म्हणालो, जुनी असंल. तिने तुकडा पदराने पुसला आणि कपाटात ठेवला.
मी नालायक आहे.

२ जुलै
युनिव्हर्सिटीला मेल केला. केवळ औपचारिकता म्हणून. उत्तर आलं, असं होतं, घाबरू नका, योग्य फॉर्म भरून दुरुस्ती पाठवा.
विशाखा काही म्हणाली नाही. तेच जास्त लागलं. कन्सल्टन्सी पुढे ढकलली आहे.

५ जुलै
योग्य फॉर्म भरला. विशाखा शेजारी बसली होती. यात नावाची एकच ओळ. दुसरी वर-खाली शोधली. नाही. पहिलं नाव, मधल्या नावाचं फक्त एक अक्षर, मग आडनाव. विशाखा म्हणाली, B लिही.
लिहिला. आई येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी येत नाही. विचारलं, ह्याच्यात ते कुठं हायत?
मी B वर बोट ठेवलं.
म्हणाली, एवढेच?
हाव म्हणालो.